परदेशातून परतल्यावर घरचं हलकं जेवण पुन्हा कसं बसवायचं: इंदूरच्या एका स्वयंपाकघरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी किंवा दिवाळीनंतरचे दिवस संपले की आमच्या सुदामानगर, लोकमान्यनगर, टिळकनगरातल्या मराठी घरांत एकच विषय निघतो. कोणी मुलाकडे अमेरिकेत राहून आलेलं असतं, कोणी युरोपची टूर करून, कोणी थायलंड-सिंगापूर. रात्री झोप लागत नाही, पोट जड आहे, ब्लाउज घट्ट झालेत आणि "आता घरचं, हलकंच खायचं" असं सगळ्यांनी ठरवलेलं असतं. पुढे काय करायचं, हे मला भिशीत, हळदीकुंकवाला, जिन्यात गाठून विचारलं जातं. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. रोज स्वयंपाक करते आणि या विषयावर मन लावून वाचते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: लांबच्या प्रवासाहून परतता तेव्हा घरातले डबे रिकामे किंवा निम्मे असतात. एरवी वर्षभर अशी संधी येत नाही. ते डबे पुन्हा कशाने आणि किती भरता, यावर पुढच्या कित्येक महिन्यांचं जेवण ठरतं.

परतल्याच्या दिवशी काय शिजवावं?

मुगाची खिचडी. दिल्ली किंवा मुंबईला उतरून, पुढचं विमान किंवा अवंतिका एक्स्प्रेस पकडून घरी पोचेपर्यंत अंगात त्राण उरत नाही आणि घरात दूध-भाजी काही नसतं. खिचडीचं दोन्हींवाचून अडत नाही.

फक्त प्रमाण बदला. बऱ्याच घरांत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घेतात. तुम्ही तांदूळ आणि सालीची मुगाची डाळ सारखी घ्या. चमचाभर तुपात जिरं, हिंग, दोन-चार मिरे, हळद घालून धुतलेले डाळ-तांदूळ जरा परता, पाचपट पाणी घाला आणि कुकर लावा. झाकण उघडल्यावर डावातून ती सैलसर ओघळली पाहिजे. गोळा झाला असेल तर वरून कढत पाणी घाला आणि दोन मिनिटं पुन्हा शिजू द्या. वर मेतकूट, बाजूला भाजलेला पापड. डाळ वाढवल्यामुळे ही खिचडी पोटाला धरून राहते आणि रात्री अकराला पुन्हा भूक लागत नाही.

बाहेरून मागवायचा मोह त्या दिवशी फार होतो. विमानातलं आणि विमानतळावरचं जेवण खारट असतं, त्यावर पुन्हा हॉटेलची ग्रेव्ही नको. एका रात्रीची ऑर्डर बघता बघता आठवडाभर चालते, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

झोपेचं गणित बसेपर्यंत जेवणाच्या वेळा कशा ठेवाव्यात?

पहिल्या दिवसापासून इंदूरच्या घड्याळाने. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने सरकतं. मध्य युरोपातून उन्हाळ्यात आलात तर फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. न्यूयॉर्कच्या बाजूने आलात तर साडेनऊ किंवा साडेदहा. त्यात युरोपातून परतताना आपण पूर्वेकडे येतो आणि पूर्वेकडचा प्रवास शरीराला जास्त जड जातो, कारण झोप अलीकडे ओढावी लागते. म्हणून रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. थायलंड-सिंगापूरवाल्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही. बँकॉक दीड तास पुढे, सिंगापूर अडीच.

उपाय साधे आहेत. सकाळी उठल्यावर अर्धा तास उन्हात, निदान गच्चीवर. दुपारी तीननंतर चहा-कॉफी बंद. दुपारी डुलकी घ्यायचीच तर अर्ध्या तासाचा गजर लावून. रात्री दोनला भूक लागली तर कोमट दूध किंवा एखादं केळं पुरे, त्या वेळी फरसाणाचा डबा उघडू नका.

बंद राहिलेल्या स्वयंपाकघरात आधी काय बघावं?

पाणी. टाकीत साठून राहिलेलं पाणी सोडून द्या, टाकी धुवा, नळ थोडा वेळ वाहू द्या. नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटर पाइपातून येतं आणि आपल्याकडे बऱ्याच भागांत एक दिवसाआडच सुटतं. म्हणून शेजाऱ्यांना पाण्याचा दिवस विचारून मगच टाकी रिकामी करा. पाण्याचं मशीन बरेच दिवस बंद असेल तर त्यातलं साठलेलं पाणी काढून टाका, फिल्टरची मुदत बघा आणि तोवर उकळून गार केलेलं पाणी प्या.

मग डबे. डाळी-कडधान्यांत भुंगे झाले असतील तर दिसतात, कणकेत जाळी धरते, तीही दिसते. फसवतं ते तेलकट सामान: दाण्याचं कूट, तीळ, जवस, अक्रोड, किसलेलं खोबरं. दिसायला ते जसंच्या तसं असतं. चिमूटभर हातावर चोळून वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या तेलाचा वास आला तर ते खवट झालंय, आणि भाजून ते सुधारत नाही. जिवावर आलं तरी टाका. ओला कचरा ओल्यात, पाकिटं सुक्यात. आपल्या कचरागाडीची शिस्त परत आल्यावर फार प्रेमाने आठवते, बाहेरची शहरं पाहून आल्यावर तर जास्तच.

विरजण गेलेलं असतंच. शेजारून चमचाभर आणा.

रिकामे डबे कशाने भरायचे? यादी द्याल का?

हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात सुमारे २,००० कॅलरींच्या दिवसाचं एक ताट मांडलंय. कच्च्या वजनात ते असं: धान्यं २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम (त्यात पालेभाजी १०० ग्रॅम), फळं १०० ग्रॅम, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलिटर.

ताटाचे आकडे रोज तोलत बसणं कुणालाच जमत नाही. पण महिन्याची यादी आपण करतोच. तेव्हा हेच आकडे चौघांच्या घरासाठी तीस दिवसांनी गुणले की किराण्याची चिठ्ठी तयार होते. धान्यं तीस किलो: गहू, ज्वारी, तांदूळ, पोहे, रवा सगळं मिळून. डाळी आणि कडधान्यं दहा किलो. शेंगदाणे, तीळ, जवस, बदाम मिळून चार किलोच्या आसपास. तेल तीन लिटर आणि तूप अर्धा किलो, बस. भाजी दिवसाला दीड किलोच्या वर.

आता आपली जुनी चिठ्ठी काढून शेजारी ठेवा. डाळीच्या रकान्यात धक्का बसेल. आपलं वरण पातळ असतं, एका वाटीत कोरडी डाळ जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम जाते. दोन्ही वेळा वरण घेऊनही ८५ ग्रॅमच्या निम्म्याला आपण पोचत नाही. उरलेलं कुठून आणायचं? सकाळी मूगडाळीचं धिरडं, भाजीऐवजी आठवड्यातून तीनदा मटकी-मूग-चवळीची उसळ, कोशिंबिरीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पालकाच्या पातळ भाजीत मूठभर चणाडाळ आणि दाणे. वरण जरा दाट करा. हा बदल असा आहे की घरातल्या कुणाला "डाएट" सुरू झाल्याचं कळतही नाही.

आम्ही ही खरेदी सियागंजात करतो. सुटी डाळ, सुटे तीळ, हवं तेवढं तोलून मिळतं आणि हातात घेऊन बघता येतं. पहिल्या महिन्यात सगळं निम्म्या मापात आणा. कुणाला किती लागतं ते कळलं की पुढच्या महिन्यात चिठ्ठी पक्की करा. हे ताट सर्वसाधारण मोठ्या माणसासाठी आहे. लहान मुलं, गरोदर बाई, अंगमेहनतीचं काम करणारे यांचं माप वेगळं.

तीन लिटर तेलात महिना निघतो?

निघतो, पण डबा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. महिन्याच्या सुरुवातीला ठरलेलं तेल वेगळं काढा आणि त्यातूनच वापरा. फोडणीला बुधलीने ओतण्याऐवजी चहाचा चमचा ठेवा. एक चमचा म्हणजे साधारण पाच ग्रॅम. चौघांच्या भाजीला तीन चमचे तेल पुरतं. कांदा चिकटायला लागला की तेल न वाढवता पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, झाकणावर पाणी ठेवा. आपल्या आज्या हेच करायच्या.

महिन्यातून दोनदा भजी-पुऱ्या झाल्या तर काही बिघडत नाही. तळणीचं उरलेलं तेल मात्र पुन्हा तळायला घेऊ नका, आणि काळपट झालं, फेस धरला तर फोडणीलाही नको.

कोणतं तेल, यावर लोक फार भांडतात. शेंगदाणा, तीळ, मोहरी, सोयाबीन ही सगळी आपल्याकडे मिळतात. सोयाबीन आणि मोहरीच्या तेलात ओमेगा-३ गटातलं स्निग्ध आम्ल असतं, शेंगदाणा आणि तिळाच्या तेलात ते जवळजवळ नसतं. म्हणून दोन प्रकार आलटून पालटून वापरणं बरं. पण तेलाच्या जातीपेक्षा त्याचं माप जास्त महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे.

तिकडे ऑलिव्ह ऑइल, किनोआ, अवोकाडो खात होतो. इथेही चालू ठेवू का?

आवडत असेल तर कधीमधी खा. तब्येतीसाठी त्याची गरज नाही. भूमध्य समुद्राकाठची माणसं ऑलिव्ह वापरतात, कारण ते त्यांच्या दारात पिकतं. त्यांच्या जेवणाचा गुण भरपूर भाज्या, कडधान्यं, अखंड धान्यं आणि कमी मिठाई यांतही आहे. तो गुण आपण मटकी, मेथी, ज्वारी आणि शेंगदाण्यांतून मिळवू शकतो. किनोआच्या पाकिटाच्या पैशात चार-पाच किलो ज्वारी येते. व्हर्जिन ऑलिव्ह तेल आणलंच असेल तर ते कोशिंबिरीवर वरून घाला, कडकडीत फोडणीत घालून वाया घालवू नका.

सकाळचे पोहे-जलेबी सोडायचे का?

इंदूरच्या माणसाला हे सांगायची माझी हिंमत नाही आणि तशी गरजही नाही. आपले पोहे मुळात हलके असतात. ठेल्यावर नीट बघा: खाली पाण्याचं पातेलं उकळत असतं, वर पोह्यांची परात, आणि पोहे वाफेवर मऊ राहतात. बडीशेपेची फोडणी असते, तेल बेताचं. जड होतं ते वरून. मूठभर शेव, मग जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), मग पुन्हा शेव, आणि शेजारी जलेबी.

घरी असं करून बघा. जाड पोहे धुऊन निथळत ठेवा. दोन चमचे तेलात मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची, हळद. त्यात मटार किंवा मोड आलेली मटकी वाफवून घाला, मग पोहे, किंचित साखर, मीठ. झाकणाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर ताटलीत हे पोहे दहा मिनिटं ठेवा. ही वाफ चुकवू नका, तिच्यामुळेच पोहे घशाला लागत नाहीत आणि तेल वाढवावंसं वाटत नाही. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे, लिंबू. शेव एक चमचा, कुरकुरीतपणापुरती. भाजलेले दाणे घातले तर शेवेची आठवणही येत नाही.

जिरावनात मीठ आणि काळं मीठ असतं, हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. चौघांच्या घरात महिन्याला सहाशे ग्रॅम, आणि त्यात शेव, पापड, लोणचं, जिरावन सगळं आलं. जिरावन घालायचं असेल त्या दिवशी पोह्यात मीठ निम्मं घाला. जलेबी रविवारी, छप्पन दुकानावर किंवा कोपऱ्यावरच्या ठेल्यावर, चौघांत मिळून.

तिकडे रोज मोठा बाऊल सॅलड खायचो. इथे कच्चं खाणं सुरक्षित आहे का?

हो, पण जरा हात चालवावा लागतो. काकडी, गाजर, मुळा, बीट सोलून खाता येतात, तेव्हा ते बेधडक खा. कोबी आणि कांद्याची पात वाहत्या पाण्याखाली नीट धुवा, वरची पानं काढून टाका. पावसाळ्यात कच्ची पालेभाजी मी टाळते, कारण पानांच्या बेचक्यांत माती आणि किडे राहतात. त्या दिवसांत वाफवलेल्या भाजीची भरीतवजा कोशिंबीर करा: लाल भोपळा, दुधी, वांगं, दही, वरून चमचाभर तेलाची फोडणी. एक मोठी वाटी कोशिंबीर जेवणाच्या आधी वाढली तर दोन पोळ्या आपोआप कमी होतात. तिकडच्या सवयींतली ही सवय मी तुम्हाला आवर्जून राखायला सांगेन.

ज्वारीची भाकरी सुरू केली आणि पोटात गुबारा धरतो. काय चुकतंय?

काही चुकत नाही, घाई होतेय. परदेशात बरेच दिवस पाव आणि पास्ता खाल्ल्यावर आतड्याला एकदम चोथ्याची सवय राहत नाही. आठवड्यातून दोनदा भाकरी, मग एक दिवसाआड, असं वाढवा आणि पाणी पुरेसं प्या. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी फेका, शिजवताना हिंग आणि ओवा घाला.

सोयाबीन आणि गव्हामुळे माळव्यातली ज्वारी मागे पडली, नाहीतर इथल्या जुन्या घरांत ज्वारी-मक्याची भाकरीच असायची. भाकरी थापता येत नसेल तर आधी पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढा आणि मळून लाटा. तुटत नाही.

कणकेत सोयाबीन घालायचं असेल तर एक गोष्ट सांभाळा. सोयाबीन कच्चं दळू नये. त्यातले काही घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून, कडकडीत वाळवून, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या मापाने चक्कीवर द्या.

एअर फ्रायर घ्यावा का?

घरात रोज तळण होत असेल तर उपयोग आहे. नसेल तर जड बुडाची कढई, झाकण आणि आप्पेपात्र पुरतं. हिवाळ्यात गराडू (आपल्याकडचा एक कंद) तळण्याऐवजी उकडून, फोडी करून, चमचाभर तेलात तव्यावर खरपूस करा आणि वर लिंबू. मी सांगितल्याशिवाय आमच्या पाहुण्यांना फरक कळलेला नाही.

परतल्यावर वजन तीन-चार किलो वाढलेलं दिसतं. उपास करू का?

नको. त्यातला बराच भाग पाण्याचा असतो. खारट जेवणाने शरीर पाणी धरतं, आणि जास्त पिष्टमय खाल्लं की शरीरात साखरेचा जो साठा होतो त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. आठवडा-दहा दिवस घरचं, कमी मिठाचं जेवलात की ते उतरतं. मग काटा बघा. जे उरेल ते खरं वाढलेलं वजन, आणि ते सावकाशच जातं.

नातेवाईक जेवायला बोलावतात, दाल-बाफल्यांचा बेत असतो. नाही कसं म्हणायचं?

म्हणू नका. माणसं प्रेमाने बोलावतात, जा. बाफले म्हणजे कणकेचे गोळे, आधी पाण्यात उकडून मग भाजलेले असतात, जड होतात ते तुपात बुडवल्याने. "माझे कोरडेच द्या, तूप मी वरून घेते" असं हसत सांगितलं की कुणाला राग येत नाही. दोन बाफले, भरपूर आंबट डाळ, लाडू एक. सराफ्याला, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं असेल तर त्या दिवशी घरी रात्रीचं जेवण करू नका, आणि चार पदार्थ चौघांत वाटून खा. भुट्ट्याचा कीस आधी मागवा, मग कळतं की पोट तेवढ्यातच भरलंय.

परतल्या परतल्या गणपती किंवा दिवाळी आली तर सण सणासारखाच करा. उकडीच्या मोदकांना तळण लागत नाही. फराळ करायचा तेवढा करा, फक्त डबा टेबलावर न ठेवता कपाटात ठेवा.

मुलं म्हणतात, रोज पास्ता आणि पिझ्झा हवा.

आठवड्यातून एक दिवस त्यांचा. टोमॅटो-गाजर-लाल भोपळा शिजवून वाटलेली चटणी पास्त्याला लावा, त्यात उकडलेले काबुली चणे टाका. भाजी चिरायला, चीज किसायला मुलांनाच बसवा. उरलेले सहा दिवस घरातल्या ताटात जे असेल ते. दोन स्वयंपाक करू नका. एकदा दोन कुकर चढायला लागले की घरातली बाई थकते आणि सगळा बेत मोडतो.

तिकडे एवढं चालूनही थकत नव्हतो, इथे चालणंच होत नाही.

तिकडे चालणं कामाचा भाग होतं. इथेही तसंच करा. भाजी आणायला गाडी काढू नका, चक्कीवर पायी जा. सकाळी रेसिडेन्सीच्या झाडांखालून, मेघदूत उपवनात किंवा पिपल्यापालाच्या रिजनल पार्कात जाणारे पुष्कळ भेटतात. आणि रात्रीचं जेवण साडेसात-आठला. परदेशात पोट हलकं वाटण्याचं अर्धं कारण लवकर जेवणं हे असतं. जेवल्यावर गल्लीत एक चक्कर मारा.

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या?

हे स्वतःच्या मनाने करू नका. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर निघण्याआधीच डॉक्टरांकडून दोन्ही दिशांचं वेळापत्रक लिहून घ्यावं. जेवण अचानक हलकं केलं आणि गोळी तीच राहिली तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, घाबरं होणं जाणवलं तर लगेच साखरपाणी घ्या आणि डॉक्टरांना कळवा.

पोट बिघडलंय किंवा ताप आलाय. घरी थांबायचं की दवाखान्यात जायचं?

साधे जुलाब असतील तर पाणी कमी पडू देऊ नका. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. माप चुकवू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. सोबत मऊ भात, ताक, केळं.

शौचातून रक्त, ताप, दोन दिवसांत उतार नाही, लघवी कमी होणं, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर थांबू नका. थायलंड, बाली, आफ्रिकेकडून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची गोष्ट आधी सांगा. डेंग्यू दोन आठवड्यांच्या आत दिसतो, मलेरिया काही आठवडे किंवा महिन्यांनीही दिसू शकतो. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नये. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, किंवा दम लागून छातीत दुखलं, तर तडक मोठ्या दवाखान्यात जा. तो रक्ताच्या गुठळीचा त्रास असू शकतो.

मुलाकडून परत आलो, घर खायला उठतं. दोघांसाठी स्वयंपाकच करावासा वाटत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि फार हळू आवाजात विचारला जातो. तिकडे नातवंडांच्या मागे दिवस कसा गेला कळलं नाही, आणि इथे दोन ताटं. मग चहा-बिस्किटांवर संध्याकाळ निघते, "दोघांना काय लागतंय" म्हणून वरणभातावर भागतं, आणि भाजी ताटातून हळूहळू नाहीशी होते. वयस्कर माणसांची शक्ती अशीच कमी होते. म्हणून भूक नसली तरी ताट मांडायची वेळ मोडू नका.

एका शेजारणीशी वाटणी ठरवा. ती उसळ करते त्या दिवशी एक वाटी तुमच्याकडे, तुम्ही भरीत केलंत की एक वाटी तिच्याकडे. दोन घरांत चार पदार्थ होतात आणि बोलणंही होतं. आमच्या मजल्यावर हे चालतं आणि त्यामुळे कुणाचं दार दिवसभर बंद राहत नाही.

मुलांशी बोलायची वेळ जेवणाला जोडा. उन्हाळ्यात इंदुरात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे दहा असतात. रविवारी त्या वेळी फोन समोर ठेवून स्वयंपाक करा. सून तिकडे नाश्ता करतेय, तुम्ही इकडे आमटीला फोडणी देताय. "आई, चिंच किती घातलीत?" असं तिने विचारलं की आमटी करायला हुरूप येतो. तीन-चार आठवड्यांनंतरही मन लागत नसेल, झोप आणि भूक गेलेली असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. त्यात संकोच नको.

पुढच्या वेळी जाण्याआधी काय करून ठेवावं?

कूट, जवस, खोबरं संपवून किंवा कुणाला देऊन जा. डाळी कोरड्या करून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. विरजण शेजारी ठेवा. सारख्या मापाचे डाळ-तांदूळ आणि हळद-हिंग एका डब्यात घालून ठेवा, म्हणजे आल्याबरोबर धुवायचं आणि कुकर लावायचा. गॅसचा रेग्युलेटर बंद, टाकी रिकामी, फ्रिज बंद करणार असाल तर पुसून दार उघडं. महिन्याची नवी चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून जा. आणि तिकीट काढताना ऑफिस किंवा शाळा सुरू होण्याआधी घरी निदान दोन दिवस मिळतील असं बघा. एक दिवस झोपेचा, एक सियागंजाचा.